ओढ्यावरची पोती

"पंप बंद करा भावजी, न्हायतर ह्यो पाइप माझ्याच अंगावर धरा!"

मर्हामा थेट खाणीच्या खड्ड्यात उतरली होती. वर तिचा धाकटा दीर जमहारी पाइप दोन्ही हातांनी आवळून उभा. पाण्याच्या माऱ्यानं लाल माती ढासळत होती. तिच्यातलं कथील वेगळं काढलं की उरलेला गाळ ओढ्याला जात होता. त्याच ओढ्यात खालच्या अंगाला मर्हामाची मिरीची पोती भिजत पडलेली. साल कुजून सुटली, की आत पांढरीशुभ्र मिरी. सगळं बांका बेट त्या मिरीवर मिरवायचं. औंदा मात्र पोत्यांतनं विटकरी मिरी निघाली. व्यापाऱ्यानं ती हातातसुद्धा धरली नाही.

"वैनी, कथील हाय म्हणून गावात चूल पेटतीया. तुमच्या मिरीवर किती जण जगतील?"

"आन् गाळ पिऊन माझं वेल जगतील व्हय?"

जमहारीनं पाइप वळवला. झोत तिच्या पायांपाशी आपटला. चिखल तोंडावर उडाला, पण बाई हलली नाही. शेवटी त्यानं पंप बंद केला.

"रोज येऊन अडवणार?"

"रोज."

गावच्या मुखियापासून जिल्ह्यापर्यंत तिनं उंबरे झिजवले होते. कुणी दाद दिली नव्हती. पण ओढा जिथं समुद्राला मिळतो, तिथल्या नव्या हॉटेलासमोर तांबडं पाणी पसरलं, पाहुण्यांनी कुरकुर केली, आणि दुसऱ्याच दिवशी पोलीस ओढ्यावरचे सगळे पंप उचलून घेऊन गेले. जमहारी अंगणात गुडघ्यांत मान घालून बसला. त्याच्याकडं बघून मर्हामाला जिंकल्यासारखं काही वाटेना.

पाणी निवळलं. तिनं पुन्हा पोती भिजत घातली. काही दिवसांनी शेजारचा रुस्दी आला. अंगावर हॉटेलचा कडक गणवेश, नाकाला रुमाल.

"काकी, पोती काढा. वास मारतोय. पाहुणे जेवत न्हाईत."

"मिरी कुजल्यावर अत्तराचा वास येतोय व्हय? ह्याच वासात तुझ्या आईनं तुला वाढवला!"

"माझी नोकरी जाईल, काकी."

"मग उचल की!" म्हणत ती पाण्यात उतरली आणि एका पोत्यावर बसली. रुस्दीनं दुसऱ्या पोत्याला हात घातला.

"सोड त्ये." मागनं आवाज आला. जमहारी.

मर्हामानं पोतं घट्ट आवळलं. आता हा उट्टं काढणार. पण तो पाण्यात उतरला आणि त्या दुसऱ्या पोत्यावर जाऊन बसला.

"आधी माझा पंप गेला, आता ही पोती. उद्या आमचाबी वास येतोय म्हनतील," तो म्हणाला. मग नाक मुरडून, "वैनी, वास हाय मातर खरा."

"मग नाक धरा."

रुस्दी निघून गेला. दुसऱ्या सकाळी हॉटेलची माणसं पोती उचलायला आली. तोवर ओढाभर घराघरातली पोती मांडलेली होती आणि पंपांवरची रिकामी झालेली सगळी गडीमाणसं त्यांच्यावर बसली होती. आलेल्यांनी काठावरूनच बघितलं, नाकं धरली आणि वाटेला लागली.