काढायचं तर मोजून

मार्चचा पहिला मंगळवार. वेस्ट हार्लोच्या रस्त्यांवर घोट्यापर्यंत चिखल होता, तरी सकाळी नऊलाच गावचं सभागृह भरलं होतं. वर्षातून एकदा सगळ्या गावाने एका छताखाली बसायचं आणि आपला कारभार आपणच ठरवायचा, ही व्हरमाँटची जुनी रीत. निम्म्या बायकांनी विणकाम आणलं होतं. भाषण लांबलं की त्यांच्या सुया जोरात चालू लागतात, हे व्यासपीठावरच्या थेल्मा कोब्लीला अकरा वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं. अकरा वर्षं तीच सभापती.

आज मात्र तिचं लक्ष सुयांकडे नव्हतं. पुढ्यातल्या यादीत विषय आठवा होता: गावाच्या रस्तेप्रमुखाचं पद मोडावं आणि काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यावं. आणि रस्तेप्रमुख म्हणजे तिचा धाकटा भाऊ, लाईल. बायको गेल्यापासून तो पहाटे चारला अंथरुणातून उठायचा तो केवळ रस्त्यावरचा बर्फ काढायचा आहे म्हणून. तेवढंही काढून घेतलं तर त्याचं काय होईल, याचा विचार थेल्मा मनातसुद्धा पुरा करत नसे.

या विषयापुरतं दुसऱ्या कोणीतरी इथे बसावं, असं तिने आधीच सांगून पाहिलं होतं. लोक हसले. भर सभेत स्वतःच्या नवऱ्याला गप्प बसवणारी बाई भावाला काय सोडणार, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि सभापतीची हातोडी तिच्याच हातात राहिली.

ठराव मांडला डेक्स्टर बिलोडोने. तो गावच्या कारभारी मंडळाचा प्रमुख, शिवाय लाकूडगिरणीचा मालक. माणूस वाईट नव्हता. आकडे मांडून, नीट समजावून बोलला. लाईलच्या बाजूने दोघं बोलले, तेही चाचरत. लाईल स्वतः टोपी मांडीवर ठेवून तिच्याकडेच बघत बसला होता.

थेल्माने आवाजी मत घेतलं.

"हो"ची अशी गर्जना झाली की खिडक्यांची तावदानं हलली. "नाही" पण आलं, अगदी कमीही नव्हतं, पण प्रार्थना चालू असताना लोक खाकरतात तसं दबकत आलं. अर्धं गाव डेक्स्टरच्या गिरणीवर जेवतं. त्याच्या देखत नरड्याच्या शिरा ताणून "नाही" कोण ओरडणार? ज्याचा घसा मोठा त्याची सरशी. आवाजात डोकी मोजता येत नाहीत, आणि सभापतीच्या हाती तर फक्त तिचे कान.

दोन्ही आवाज सारखेच वाटले, असं ती म्हणू शकली असती. "नाही" जास्त ऐकू आलं म्हणाली असती तरी तिला खोटं पाडणारं कोण होतं? मोह झाला, नाही कसं म्हणावं. पण तिच्या कानांनी जे ऐकलं ते ऐकलं होतं. काळजावर दगड ठेवून ती म्हणाली, "ठराव मंजूर."

आता एकच वाट उरली होती. निकालाबद्दल एका जरी मतदाराने तिथल्या तिथे शंका घेतली, तर डोकी मोजावी लागतात. सात जणांनी मागणी केली तर चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान. पण शंका मतदारानेच घ्यायची, सभापतीने सुचवायचंही नाही. दर निकालानंतर थेल्मा मनात तीन आकडे मोजायची आणि पुढचा विषय पुकारायची. आज पाच मोजावेत असं तिला फार वाटलं. पण दुसऱ्यांसाठी तीन आणि भावासाठी पाच, हे कुठलं माप?

एक. कोणी उठलं नाही. दोन. लाईलने मान खाली घातली.

"सभापतीबाई, मला शंका आहे."

उभी होती मर्ना पेल्की. थेल्माचा कानांवर विश्वास बसेना. मर्नाचं आणि लाईलचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्याच्या बर्फ काढायच्या गाडीने तिची टपालपेटी तीनदा आडवी केली होती आणि ती दर वेळी मंडळाला दोन पानी तक्रार धाडायची.

"चिठ्ठ्या टाका," मर्ना म्हणाली. "मी लाईलच्या विरुद्धच मत देणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. पण त्याला काढायचं तर मोजून काढा. आज आरडाओरड्यावर त्याला काढलंत, तर उद्या माझ्याबद्दलही तसंच ठरवाल."

मागे गिरणीवरचा एक कामगार उठला. मग शाळेतली बाई. मग एकेक खुर्ची करकरू लागली. सात हवे होते. थेल्माने सव्वीस मोजले. डेक्स्टर वळून बघत राहिला आणि शेवटी स्वतःच मतपेटी आणायला उठला.

तासाभराने मोजणीचा कागद तिच्या हातात आला. तिने नेहमीच्याच आवाजात वाचला: ठरावाच्या बाजूने त्रेसष्ट, विरुद्ध एकोणऐंशी. ठराव नामंजूर. आवाज हलला नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता. पुढचा विषय तिने दोनदा पुकारला.

जेवणाच्या सुट्टीत लाईल बीन्सचं ताट घेऊन तिच्या शेजारी बसला. थेल्माला बोलल्याशिवाय राहवेना.

"तुझ्याविरुद्ध निकाल दिला मी. रागावलास?"

"कशाला? मीही तेच ऐकलं होतं." त्याने मक्याचा पाव तोडला. "तू नामंजूर म्हणाली असतीस ना, तर शंका घ्यायला मीच उभा राहिलो असतो."