उजव्या मुठीतला बताशा

"काका, सुई दर वेळी उजव्याच हाताला काहून टोचता? डावाही माझाच आहे ना."

आमच्या कांचघर भागातल्या मंगल कार्यालयात, खचाखच भरलेल्या हॉलसमोर, माइक धरून मी हे विचारलं. माझ्या मैत्रिणीने, अवंतिकाने, शर्तच लावली होती. "तू नाही विचारू शकत, चिनू. स्टेजवर गेलीस की पाया पडून परत येशील." ती चुकीचं बोलत नव्हती. मागच्या रविवारी मी तेच केलं होतं.

स्टेजवर होते डॉक्टर रत्नाकरकाका. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त आणि माझे हीरो. स्वादुपिंडातल्या पेशी इन्शुलिन कसं बाहेर सोडतात, यावर त्यांनी परदेशात अर्धं आयुष्य काम केलं. त्यांच्या एका शोधनिबंधाचा आधार हजारावर शास्त्रज्ञांनी घेतलाय. हे खरं आहे, मी स्वतः नेटवर पाहिलंय. तो निबंध आणि काकांचा फोटो मी माझ्या भिंतीवर लावला होता. मी अकरा वर्षांची असताना मला टाइप वन डायबेटिस निघाला, तेव्हा घरी सगळे रडत होते आणि काका मटार सोलत बसले होते. "हे बघ चिनू, शेंग म्हणजे पेशी. दाणे म्हणजे इन्शुलिनच्या पिशव्या. साखर आली की शेंग उघडते. तुझ्या शेंगाच उरल्या नाहीत, म्हणून आपण दाणे बाहेरून आणायचे." सुईची भीती त्या दिवशी गेली. मोठी होऊन काकांसारखी होईन, हे मी तेव्हाच ठरवलं.

आता त्यांच्यामागे बॅनर होता, झोपलेल्या पेशी जागवून इन्शुलिनपासून सुटका देणारा : 'हज़ार वैज्ञानिकों ने माना! सोई कोशिकाएँ जगाइए, इंसुलिन से मुक्ति पाइए!'

शिबिर असं चालायचं. आत शिरताना प्रत्येकाच्या उजव्या हातात एक बताशा. प्रसाद डाव्या हातात कोण घेईल? मूठ मिटून बसायचं, खायचा नाही. मग काकांचं भाषण. "विज्ञान कोशिका को देखता है. मैं कोशिका से बात करता हूँ. बोलो, उठो कोशिका!" सगळा हॉल म्हणायचा, उठो कोशिका. माझ्या पेशींना हिंदी येतं हे मला तिथेच कळलं. मग उजव्या बोटाला सुई, मशीनवर आकडा. मग तांब्याच्या घंगाळात नर्मदेच्या पाण्याने हात धुवायचे, डोळे मिटायचे, आणि पुन्हा सुई. मागच्या रविवारी माझा आकडा तीनशे अडुसष्टवरून एकशे बेचाळीसवर आला. लोक "नर्मदे हर" ओरडले. बाबा रडले. सोमवारपासून माझं इन्शुलिन बंद करायचं, असं त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं. आईने कसाबसा एक आठवडा मागून घेतला.

तो आठवडा आज संपत होता.

"डावा हात का नको, बेटा?" काका हसले. "चलो, डावा घे."

मला वाटतं, मी फक्त गंमत करून राहिले असं त्यांना वाटलं. मी माझी स्वतःची मशीन काढली. उजवी मूठ मिटलेलीच होती, म्हणून डाव्या बोटाला सुई एका सेवक भैयाने टोचली. एकशे सदतीस.

"देखा? कोशिकाएँ जाग गईं," तो म्हणाला.

"थांबा, भैया." मी मूठ उघडली. बताशा घामाने विरघळून तळव्याला, बोटांना चिकटला होता. उजव्या बोटाला सुई. तीनशे एकेचाळीस.

"एकाच मुलीचं रक्त, एकाच मिनिटाला. उजवीकडे आजारी, डावीकडे बरी?"

कुणीतरी हसलं. मग अवंतिका वर आली. तिला कुठलाच आजार नाही, भूक सोडून. तिच्याही मुठीत बताशा होता. नवी सुई, उजवं बोट. दोनशे ऐंशी. "अगं बाई, मला पण शुगर झाली," ती माइकवर म्हणाली. मग तिने घंगाळात हात खसखसून धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. शहाण्णव.

"साखर रक्तात नव्हती हो," मी म्हणाले, "बोटावर होती. थेंबात मिसळली आणि मशीनने तीही मोजली. पाण्याने फक्त हात धुतले गेले. आमच्या नळाचं पाणीही तेवढंच करतं. माझं एकशे सदतीस आलं ते सकाळी घेतलेल्या इन्शुलिनमुळे. आणि त्या हजार शास्त्रज्ञांनी पेशींतल्या पिशव्यांवरच्या कामाचा आधार घेतलाय. बताशाबद्दल त्यातल्या एकानेही काही लिहिलेलं नाही."

हॉल उठून उभा राहिला. कुणी सेवकांची कॉलर धरली, कुणी मलाच शिव्या दिल्या. मी स्टेजमागे गेले. काका खुर्चीत बसले होते.

मशीन समजण्यात काका चुकले असतील, एवढीच माझी आशा उरली होती. पण मला आठवत होतं. अकरा वर्षांची मी, आंबा खाऊन टेस्टला बसलेली, आणि समोर काका : "आधी हात धुऊन ये, चिनू. बोटाला गोड असलं की मशीन खोटं बोलते."

"हे तुम्हीच शिकवलंय मला," मी म्हणाले.

ते म्हणाले, "हजार लोकांनी निबंध वाचला, चिनू. पण आपल्या गावात, ओमतीच्या चौकात, मला कुणी ओळखत नव्हतं. इथे लोक पाया पडतात."

"मी इन्शुलिन सोडलं असतं तर काय झालं असतं, माहीत होतं तुम्हाला?"

"मी तुझ्या बाबाला सांगणार होतो, तुझं बंद करू नकोस म्हणून."

"कधी?"

माझ्या शेंगाच उरल्या नाहीत, हे जगात सगळ्यात नीट त्यांना माहीत होतं. झोपलेलं कुणी उठतं. जे नाहीच, ते कसं उठेल? मला फसवलं गेल्याचं एवढं नाही लागलं. जे खरं होतं, त्याच्याच जोरावर फसवलं, ते लागलं.

तुम्हाला एवढंच सांगते. कुणी आकडा दाखवला तर तो कसा काढला ते विचारा. दुसऱ्या हाताचाही मागा. मोठं नाव खरं असलं, तरी त्याखाली लिहिलेलं सगळं खरं नसतं. आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.

घरी आल्यावर बाबा दिवाणावर बसून राहिले. ते कामाला आहेत त्या फॅक्टरीतल्या किती दोस्तांना त्यांनीच शिबिरात नेलं होतं. आई ताटं वाढत होती. मी हात धुतले, टेबलापाशी सगळ्यांसमोर इन्शुलिन घेतलं आणि म्हणाले, "आई, बाबा, ऐका. काकांचा निबंध माझ्या भिंतीवरच राहील, तो खोटा नाही. त्यांचा फोटो मात्र मी उतरवलाय. बायोलॉजी मी घेणारच. आणि रविवारी मी नि अवंतिका बड्या फुहाऱ्याच्या चौकात हेच दाखवायला बसणार आहोत. माझी मशीन, माझीच बोटं, एक बताशा, एक साबण. तुमच्या फॅक्टरीच्या सगळ्या दोस्तांना बोलवा, बाबा. माझ्या हातावर पाणी तुम्ही ओतायचं."