तांब्याची चकती

कुकरमधून वाफ निघायला लागली की माहेनूरला तिचा भाऊ दिसायचा.

वासिफ सेनगावजवळ हळद शिजवायच्या कुकरवर कामाला होता. वाफ वाया जाऊ नये म्हणून कोणीतरी त्या कुकरचा व्हॉल्व्ह तारेनं बांधून टाकला आणि टाकी फुटली; त्यात तो गेला. माहेनूर तेव्हा पुण्यात एका कारखान्यात गाडीच्या दारांची बिजागरं डिझाइन करायची. दफनाला म्हणून आली, ती परत गेलीच नाही. हिंगोलीत अब्बांच्या, म्हणजे चाँद पाशांच्या वेल्डिंगच्या दुकानात तिनं स्वतःचा कुकर बनवायला घेतला. व्हॉल्व्हभोवती कुलूपबंद जाळी, कोणाला तार बांधता येऊ नये अशी. शिवाय टाकीच्या डोक्यावर तांब्याची पातळ चकती. व्हॉल्व्ह अडकलाच, तर टाकीच्या आधी चकती फाटावी आणि वाफ पाइपातून सरळ वर निघून जावी.

दुकानात चाचण्या झाल्या. दर वेळी वाफेत वासिफ उभा राहायचा, पाठमोरा, बाह्या दुमडून. तिनं हे कोणाला सांगितलं नाही.

साखरा गावात पद्माबाई नावाच्या शेतकरणीच्या शेतात पहिली खरी हळद शिजायला लावली. अब्बा लांब बाभळीखाली बसले. पोरगा गेल्यापासून ते वाफेजवळ जात नसत. टाकीवरचा दाबाचा काटा चढत गेला. व्हॉल्व्ह उघडायला हवा होता. उघडला नाही.

"मागं सरा! मावशी, पळा!" माहेनूर ओरडली.

हळद भरणाऱ्या बाया पाट्या टाकून पळाल्या. ती स्वतः मात्र पळाली नाही. टाकीपलीकडे वासिफ उभा होता, आज पहिल्यांदाच तिच्याकडे तोंड करून. चेहरा ओला, हळदीनं पिवळा. तो काट्याकडे बघत राहिला. ती मनात हिशेब पुन्हा मांडू लागली. चकतीची जाडी, टाकीचा दाब. आपलंच चुकलं असेल तर?

फाडकन आवाज झाला. चकती फाटली आणि वाफ किंचाळत आभाळात गेली. टाकी जागची हलली नाही.

आवाज थांबला तेव्हा तिचे हात कोणीतरी धरले होते. अब्बा होते.

"बेटी, टाकी सलामत है," ते म्हणाले.

पद्माबाई परत आल्या. "काय झालं वं ताई? काहून फुटलं ते?"

"व्हॉल्व्ह अडकला, मावशी. म्हणून वरची चकती फाटली. टाकी फुटू नये म्हणूनच ती लावलीय."

"म्हंजे मुद्दाम फाटायलाच केली व्हय?"

"हो."

पद्माबाई टाकीकडे पाठ करून टाकीच्याच सावलीत बसल्या आणि भाकरीचं फडकं सोडलं. "बसा, जेवा दोघंबी. मंग दुसरी चकती लावा."

पुण्यात बढती मिळाली तेव्हाही माहेनूरचं मन असं भरून आलं नव्हतं. याला आनंद म्हणता आलं नसतं. वासिफ अजून तिथंच होता, आणि तो जाणार नाही हे तिला आता कळलं होतं. ती पद्माबाईंशेजारी बसून जेवली.

जेवण झाल्यावर तिनं व्हॉल्व्ह खोलला. आत बोअरच्या पाण्यातली बारीक वाळू अडकली होती.

"अब्बा, पानी को गाळणी लगाना पडता," ती म्हणाली आणि वाळू तळहातावर काढू लागली.