भेसळीची रेघ

मोहरीचा दाणा फडताळाच्या फटीत गच्च बसला होता, नखानं उकरावा तर आणखी आत जात होता, आणि घरात दुसरं काही कामच उरलं नसल्यासारख्या बनाबाई त्याच्याशी झोंबत होत्या. परवा फळी झाडली, पुसली, तरी हा राहिलाच. राहू दे — मोहरी काय बोलणार आहे? बोलतं ते मीठ. म्हणजे सून, अनुजा, तसं म्हणाली नव्हती, तिचे शब्द वेगळे होते, काल जेवताना भाकरीचा तुकडा आमटीत नुसता फिरवत ती नवऱ्याला सांगत होती... पण बनाबाईंच्या कानात पडलं ते एवढंच, की मिठानं तोंड उघडलं.

सून विद्यापीठात कसला अभ्यास करते असं गल्लीत कुणी विचारलं की बनाबाई ‘उजेडाचा’ म्हणून मोकळ्या होत. तेवढं त्यांना उमजलं होतं. काचेची नळी, तिच्यातनं नायट्रोजन सोडायचा, त्याला वीज द्यायची. वीज मागं राहते, वायू पुढं वाहतो आणि विजेवाचूनही काही वेळ उजळत राहतो. त्या मागं उरलेल्या उजेडात धातूची वाफ सोडायची, चिमटीतही न मावेल एवढी, आणि उजेड फोडून बघायचं, कुठल्या रंगाची रेघ उठते. ज्या त्या धातूची रेघ ठरलेली — म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यासारखी, चुकायची नाही. अनुजाच्या मॅग्नेशियमची हिरवी. आणि नवी नळी बसवल्यापासून तिथं एक पिवळी उठत होती, न बोलावता. सोडियमची. मिठात असतो तो. कुठनं आला कळत नाही, असं ती म्हणाली, आणि तिच्या नवऱ्यानं, राजवर्धननं, फोनमधनं मान वर न काढता विचारलं, दिवाळीपर्यंतच बोलणं झालंय ना? दिवाळीपर्यंत शिक्षण, मग दुधाच्या धंद्यात लक्ष घालायचं — ही अट राजवर्धनची नव्हती. ती माझी. मीच घातली, चारचौघांत, शड्डू ठोकल्यासारखी.

आणि मीठही माझंच.

डबा विसरली, द्यायला नको का, असं स्वतःलाच ऐकवत त्यांनी रिक्षा केली. डबा विसरला नव्हता. नळी बसवल्यापासून अनुजा डबा नेतच नव्हती. रिक्षा राजारामपुरीतनं विद्यापीठाच्या चढाला लागली तशी मांडीवरचा डबा घसरू लागला, तो दोन्ही हातांनी धरताना बनाबाईंना स्वतःची बोटं दिसली, आणि ती परवाची दिवेलागण पुन्हा समोर... काचकाम करणाऱ्याकडनं आणलेली नळी पांढऱ्या कापडात गुंडाळून अनुजानं फळीवर ठेवली होती. ‘आतनंबाहेरनं धुऊन दिलीय आक्का, हात लावू नका,’ असं म्हणून ती अंघोळीला गेली. हात लावू नका. माझ्या घरात, माझ्या फळीवर, मला. आधीची नळी तडकली, त्याच्या आधी पंप बिघडला — दृष्ट लागल्याशिवाय का होतं हे? बनाबाईंनी मूठभर खडेमीठ घेतलं, मोहरी घेतली, आणि गुंडाळलेल्या वस्तूची दृष्ट उतरत नाही म्हणून कापड सोडलं. ओवाळून झालं. मग मूठ चुलीत झटकून पुन्हा झाकायचं, एवढंच उरलं होतं. पण मूठ झटकल्यावर त्यांनी त्याच खारट हातानं नळी उचलली, बल्बाकडं धरून आरपार पाहिलं, आतली नसलेली धूळ बोटाला पदर गुंडाळून पुसली... का पुसली?

प्रयोगशाळेत अंधार होता. अनुजा त्यांना बघून दचकली, स्टूल पुढं सरकवलं, डबा घेतला, पण लक्ष पडद्याकडं. तिचे सर चष्मा कपाळावर चढवून समजावत होते, की धातूच भेसळीचा निघाला तर मागचं सगळं गेलं, पहिल्या वर्षापासून पुन्हा. नुसती नळी मळली असेल तर ह्या दोन दिवसांचं तेवढंच पाण्यात. पण धुऊन, कापडात बंद करून आणलेली नळी मळेल कशी?

“माझाच हात लागला असेल, सर,” अनुजा म्हणाली.

“हातमोज्याशिवाय तू दाराची कडीसुद्धा धरत नाहीस,” सर म्हणाले. “भेसळ धातूतच आहे. तसं धरून चाल.”

भेसळ. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीखाली बसून धार काढून देणाऱ्या बनाबाईंना हा शब्द तोंडावर म्हणायची छाती एकाच माणसाला झाली होती, आकाराम पैलवानाला, तोही चेष्टेत म्हणाला होता, आक्का, पाण्याची भेसळ किती केलीसा? त्यांनी भरली कासंडी त्याच्यासमोर गटारीत ओतली होती. पाणी तुझ्या अकलेत पडलंय, माझ्या दुधात न्हाय. कट्ट्यावरची माणसं अजून ते सांगतात. आणि इथं ह्या अंधारात एक सभ्य माणूस हळू आवाजात तोच शब्द म्हणतो आहे, आणि त्या डोकं खाली घालून ऐकताहेत...

सरांनी वीज तोडली. नळी विझली नाही. व्यायलेल्या म्हशीच्या पहिल्या चिकासारखा पिवसर उजेड आत वाहत राहिला, कुणी न दिलेला. दृष्ट काढताना म्हणायचं असतं — आल्यागेल्याची, शेजारच्यापाजारच्याची, पाहुण्यारावळ्याची — आणि शेवटी घरच्याची. परवा ‘घरच्याची’ म्हणताना जीभ अडखळली होती. उगाच अडखळली, असं वाटलं होतं तेव्हा. चौथीतनं काढून बापानं रेडकांमागं धाडलेली एक पोरगी सुनेची नळी बल्बाकडं धरते, ती दृष्ट काढायला धरते होय? मला बघायचं होतं. ती रोज काय बघते ते मला एकदा... आणि दिसलं तर काहीच नव्हतं, नुसती काच, म्हणून राग आला आणि मी पुसत बसले.

“धातूला काय झाल्यालं न्हाय,” बनाबाई म्हणाल्या. “नळीच बघा.”

सर हसले. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं. अनुजा हसली नाही. ती बनाबाईंच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघत होती.

“आक्का, तुम्ही उघडलीसा ती?”

“व्हय.”

“का?”

दृष्ट, असं सांगता आलं असतं. खरंही ठरलं असतं, निम्मं. बनाबाई स्टुलावर पुढं सरकल्या.

“सर, पुन्हा एकदा लावा की,” त्या म्हणाल्या. “ती पिवळी रेघ कुठली, मला दावा.”

सरांनी अनुजाकडं पाहिलं. अनुजानं उत्तराची वाट बघणं न सोडता बटण दाबलं, वीज सोडली, तोडली. पडद्यावर हिरवी उठली, आणि तिच्या शेजारी, अंगानं बारीक पण सरळ, ती दुसरी. ही, सर म्हणाले. लाज वाटायला हवी होती. बनाबाई ती मनात धुंडाळत होत्या, मिळत नव्हती. सापडत होतं ते भलतंच, हावऱ्यासारखं — की एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांनी डोळे फाडून बघावं असं आपण काहीतरी लिहिलं, आणि आता हे धुवून टाकतील. टाकायलाच हवं. पण जरा थांबा, इतक्यात नको... शेजारी अनुजाचा श्वास चढलेला होता, रागानं की सुटल्यासारखा, अंधारात ओळखू येईना. ती दिवाळीची गोष्ट आता काढेल, किंवा काढणार नाही. काढली तर काय म्हणायचं, हे सकाळपर्यंत बनाबाईंना पाठ होतं. आता शब्द शोधावेत तर एकही जागेवर नव्हता, आणि आपण स्टुलाच्या कडेला, पुढं वाकून, पहिल्याच दिवशी शाळेत बसवलेल्या पोरीसारख्या बसलो आहोत, एवढंच त्यांना कळत होतं.