रंध्याची खरखर

डोंगराआड फोनची लाट पोहोचत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. कंपन्यांना ते पैसे ओतून कळतं. शहरातला मोठा मनोरा आणि पलीकडची वस्ती यांच्या मधोमध एक सुळका आडवा उभा. लाइन न्यायची तर सुळक्यावर दुसरा मनोरा बांधा, वीज न्या, रस्ता करा. एवढ्या उठाठेवीपेक्षा कंपनीने खिंडीतल्या जुन्या पाण्याच्या टाकीवर एक भलीमोठी पाटी ठोकली. तिच्यावर शेकडो छोटे चौकोन. मनोऱ्याकडून आलेली लाट ते चौकोन हव्या त्या दिशेला परतवत. पाटी तसूभरही हलत नसे. चौकोनांना हुकूम गेला की लाटेची वाट बदले. लोक तिला आरसा म्हणत, आणि शहरातल्या ऑफिसात बसून हुकूम सोडणारीला आरसेबाई.

आरसेबाईचे वडील, अण्णा, त्याच वस्तीत राहत. जातिवंत सुतार. बायको गेली, शेजारी एकेक करून खाली उतरले आणि वस्तीत अण्णांचीच काय ती चूल पेटती राहिली. त्यातच खिंडीच्या दुसऱ्या अंगाला एक शीतगोदाम उभं राहिलं. आरसा आपली लाट दोघांत वाटून देई, आणि गोदामवाल्यांना ती पुरेना. ते रोज तिच्या साहेबांच्या डोक्यावर मिरे वाटत.

वाटणीचा नियम आरसेबाईनेच लिहिला होता. ज्या दिशेला आठवडाभर कुणी लाइन वापरली नाही, त्या दिशेचा वाटा कायमचा दुसऱ्याला. वस्ती भरलेली होती तेव्हा लिहिलेला नियम तो. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ. अण्णा फोनला हात लावत ते महिन्यातून एकदा.

तिने एक शक्कल काढली. "अण्णा, मी रोज सकाळी फोन लावते. तो दिवसभर चालूच राहू द्या. लाइन वापरात दिसली की आरसा वळणार नाही."

"आणि दिवसभर बोलायचं काय?"

"काही नाही. नुसता चालू ठेवा."

"जमेल. मुकाट्याने बसायला तुझ्या आईने चांगलं शिकवलंय मला."

तेव्हापासून तिच्या टेबलावर फोन पडलेला असे आणि त्यातून अण्णांच्या रंध्याची खरखर येत राही. तिने एकदा संसार मांडला होता, तो मोडला होता, आणि त्यावर तिच्यासमोर कुणी बोलत नसे. घर खायला उठे, म्हणून सुटीच्या दिवशीही ती ऑफिसात येऊन बसायची. साहेब दारातून डोकावून विचारायचे, "बाई, तुमच्या टेबलात भुंगा शिरलाय का हो?" ती हसून वेळ मारून न्यायची. खरखर थांबली की मात्र तिचा जीव टांगणीला लागे.

हिवाळ्यात खरखरीत खोकला मिसळू लागला. धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, तूच सांग त्यांना. खोली तयार करून ठेवलीय मी. येतो म्हणतात आणि येत नाहीत."

म्हातारा हट्टी आहे, असं म्हणत ती समजूत घालायला वस्तीवर गेली. खरं सांगायचं तर ते नाहीच म्हणाले तर बरं, असंही तिला वाटत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

अण्णांच्या पडवीत लाकूड नव्हतंच. गुडघाभर ढलप्यांच्या ढिगात एक फळी तेवढी शिकंज्यात धरलेली. रंधून रंधून ती पत्त्यासारखी पातळ झाली होती. शेजारी स्टुलावर फोन.

"हे काय करताय अण्णा?"

"काय करणार? वस्तीत माणूस नाही, पलंग करू कुणाला?"

"मग रोज रंधा कशावर मारत होता?"

"हिच्यावरच. ही तिसरी." अण्णांनी फळीवरून हात फिरवला. "तुला आवाज नको का यायला? एकदा दुपारी जरा टेकलो, तर लगेच 'अण्णा, अण्णा' करायला लागलीस."

ती म्हणाली, "आणि धाकट्याकडे का जात नाही?"

"गेलो असतो गं. थंडी सोसत नाही आता. पण मी उठलो की ही लाइन जाणार, आणि तिकडे फोन दिवसभर चालू ठेवायला निमित्त उरणार नाही. मग तू दिवसभर एकटी काय करशील?"

आपण म्हाताऱ्यासाठी लाइन धरून ठेवलीय, असं ती इतके दिवस समजत होती. तिला उभ्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या धाकटा गाडी घेऊन येईल," ती म्हणाली. "सामान बांधा."

"आणि तू?"

"माझं काय? ऑफिसात ढीगभर माणसं आहेत मला."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. पोकळ लाकूड सुताराला टिचकी मारूनच कळतं. ते रंधा तेवढा कापडात गुंडाळू लागले.

अण्णा खाली उतरल्यावर नियमाप्रमाणे आठवडा थांबता आलं असतं. ती थांबली नाही. ऑफिसात येऊन तिने स्वतःच्या हाताने हुकूम सोडला आणि सगळी लाट गोदामाकडे वळवली. खिडकीतून दूर खिंडीतली टाकी दिसत होती. तिच्यावरची पाटी होती तशीच होती.

"सुंठीवाचून खोकला गेला!" साहेब खूश होऊन आले. जाताना दारात घुटमळले. "तो भुंगा कुठे गेला हो? सवय झाली होती."

धाकट्याच्या गावात लाइनीला तोटा नव्हता. न राहवून तिने दुपारी फोन लावला. मागे पोरांचा नुसता धिंगाणा आणि त्यात ओळखीची खरखर, पण जाड लाकडावरची, दमदार.

"नातवाचा पलंग करतोय," अण्णा ओरडून म्हणाले. "माप चुकेल गं. संध्याकाळी बोलू, ठेवतो."

आजवर फोन आधी त्यांनी कधी ठेवला नव्हता. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं, आणि रडूही आलं. फोन मात्र तिने बराच वेळ कानाला तसाच धरून ठेवला.