कठड्यावरचा चाफा

चाफ्याला ऊन लागतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. चार वर्षं आमच्या मयूर विहारच्या बाल्कनीत तो नुसता लांब होत गेला. काटकुळा, टोकाला चार पानं, फुलाचं नाव नाही. समोरच्या टॉवरने आमचं सगळं ऊन खाल्लेलं. मिळायचं ते फक्त कठड्यावर, सकाळचे चार तास. म्हणून मार्चमध्ये मी माळ्याला हाताशी धरलं, ती सिमेंटची कुंडी चौथ्या मजल्याच्या कठड्यावर चढवली आणि कपडे वाळत घालायच्या पाइपला तारेने बांधून टाकली.

कठड्यावर कुंड्या ठेवू नयेत, अशी सोसायटीची नोटीस होती. मी ती वाचली होती. बाबांनीही, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगून पाहिलं.

"भक्ती, उतरव ती. दिल्लीची आंधी तू बघितली नाहीस अजून."

"बाबा, दहा वर्षं झाली मला इथे."

"आंधी बघितली असशील. कुंडीसकट नाही बघितलीस."

बाबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी कॅन्टोन्मेंटमधलं जुनं क्वार्टर बघायला गेले, तेव्हा तिथल्या पांढऱ्या चाफ्याची एक फांदी त्यांनी कापून आणली, चीक वाळेपर्यंत आठ दिवस सावलीत ठेवली आणि मग रेती मिसळलेल्या मातीत लावली. पहिल्याच डिसेंबरात तिची पानं गळाली. मी घाबरून रोज पाणी घालत सुटले, तर खोड बुडाशी मऊ पडलं. बाबांनी सडलेला भाग कापून टाकला, उरलेलं वाळवून पुन्हा लावलं. "झोपलं होतं ते," म्हणाले. "झोपलेल्याला पाणी पाजतं का कुणी?" पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेरा आला, तेव्हाही एकेक पान त्यांनीच खुडलं. माझं आपलं सगळं उतावळं काम. पण कठड्याच्या बाबतीत माझंच खरं ठरलं. मे महिन्यात पहिल्यांदाच कळ्यांचा झुबका आला आणि मी आठवडाभर घरात मिरवून घेतलं.

त्या मंगळवारी पावणेपाचच्या सुमाराला, नोएडातल्या माझ्या ऑफिसच्या खिडक्या पिवळ्या पडल्या. मोबाइलवर आंधीचा इशारा आला. साडेचारला आमच्या बाल्कनीच्या बरोब्बर खाली मुलांचा स्केटिंगचा क्लास असतो. माझी रिंकू त्यातच, आठ वर्षांची. कुंडी तीस किलोची, आणि वर वारा धरायला एवढ्या लांब फांद्या. कोचला फोन लावला, तो बंद. सुधन्वा, माझा नवरा, बंगळुरूला गेलेला. घरात बाबा एकटे होते.

"बाबा, आंधी येतेय. कुंडी आत घ्या. लगेच."

"घेतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

जरा हायसं वाटलं. पर्स उचलून लिफ्टपाशी आले आणि मी काय करून बसले ते तिथे माझ्या लक्षात आलं. बाबा शहात्तर वर्षांचे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. ती कुंडी उतरवायला मला आणि माळ्याला मिळूनही घाम फुटला असता. त्यांना स्टुलावर चढावं लागणार, तार सोडायला बाहेर वाकावं लागणार. आणि फौजी माणसाला मी 'लगेच' म्हणून सांगितलं होतं.

परत फोन केला. रिंग वाजत राहिली. परत केला. गेटवरच्या गार्डला, उदयसिंहला केला. तोही उचलेना.

मेट्रो मिळाली, पण न्यू अशोक नगर सोडल्यावर ती पुलावरच उभी राहिली. बाहेर धुळीशिवाय काही दिसत नव्हतं आणि डबा हलत होता. मी फोन लावत होते, रिंग संपली की पुन्हा लावत होते. बाबा स्टुलावरून पडलेत, असं मला एकदा दिसायचं, एकदा कुंडी रिंकूवर पडलेली दिसायची. खोटं कशाला बोलू, यातलं एकच टळणार असेल तर कुठलं टळावं, तेही माझ्या मनात येऊन गेलं. स्वतःचीच इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. शेजारच्या बाईने विचारलं, "तबीयत ठीक है?" मी मान हलवली. गाडी बावीस मिनिटांनी सुटली.

स्टेशनपासून मी पळतच आले. वारा ओसरला होता, रस्ताभर फांद्या पडल्या होत्या. गेटमधून आत शिरले आणि आधी मुलं दिसली. आंधीत आडोशाला गेलेली दहा-बारा जणं अजून आमच्या बिल्डिंगच्या भिंतीला चिकटून उभी होती. रिंकू मधोमध, हेल्मेट घालून. मी वर पाहिलं.

कुंडी कठड्याच्या बाहेर लोंबत होती. एका बाजूची तार तुटली होती. वरून दोन हात आले होते आणि त्या हातांनी चाफ्याचं खोड धरलं होतं. बाबांचं डोकं कठड्याच्या मागे होतं, ते दिसत नव्हतं.

"हटो! सब हटो यहाँ से!"

रिंकूला दंडाला धरून ओढलं, बाकीची तिच्यामागोमाग पळाली. कोचला म्हटलं, "इन्हें गेट पर रखो." उदयसिंह माझा आवाज ऐकून धावत आला. लाइट गेलेली, लिफ्ट बंद. चार जिने आम्ही कसे चढलो, मला आठवत नाही.

बाबा स्टुलावर नव्हते. कठड्याला छाती टेकून, गुडघे भिंतीत रोवून ते उभे होते. आम्ही आत आलो तरी त्यांनी मान वळवली नाही. उदयसिंहने बाहेर झुकून कुंडीच्या काठाला हात घातला, मी पाइपवरची तार धरली, आणि दोघांनी मिळून ती आत ओढली. कुंडी फरशीवर आपटून फुटली. कळ्यांचा झुबका कधीच गेला होता.

बाबा कुंडीबरोबरच खाली बसले होते. खोड मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. साल सोलवटून चीक त्यांच्या कोपरापर्यंत ओघळला होता.

"बाबा, झालं. आत आली कुंडी. सोडा आता."

ते सोडेनात. मी त्यांची बोटं उचलून पाहिली, हलत नव्हती.

"खाली पोरं आहेत," ते म्हणाले. "ओरडलो, तर वर बघायला पुढे येतील. म्हणून ओरडलो नाही."

"कुणी नाही खाली. सगळी बाजूला केली."

"रिंकू बरोब्बर खाली होती."

उदयसिंह न सांगताच खाली धावला आणि रिंकूला उचलून घेऊन आला, पायातल्या स्केट्ससकट. ती आजोबांच्या समोर बसली, एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बोटं एकेक करून सुटली.

सुटली आणि त्यांचं अंग थरथरायला लागलं. हात, हनुवटी, सगळंच. मी त्यांना धरलं. त्यांच्या हातांवरचा चीक पुसायला लागले.

"भक्ती," ते म्हणाले, "आणखी पाच मिनिटं काही मला जमलं नसतं."