घमेल्याच्या तळाचा थर

"आधी घमेलं धू, मग बियाणं घे. आणि सावलीत वाळव गं, उन्हात नको. जीव असतो त्या खतात."

हे शब्द या घरातल्या थोरल्या जाऊबाईंचे, धाकट्या जावेला सांगितलेले. मित्रांनो, मी एक जुनं, कडेला तडा गेलेलं लोखंडी घमेलं आहे. लोहाराने मला पत्र्यातून ठोकून काढलं, तेव्हा मी आरशासारखं चकाकत होतं. पुढे माती, शेण, वैरण, मिळेल ते वाहिलं. पण थोरलीने मला पूजेच्या भांड्यासारखं जपलं.

यंदा चाऱ्याच्या ज्वारीची पेरणी आली. थोरलीने मला घासून धुतलं, गुळाच्या पाण्यात काळं भुरभुरीत जिवाणू खत कालवलं आणि हलक्या हाताने बियाण्याला चोळलं.

"हे मुळाशी राहून हवेतलं नत्र ओढून देतं. मग युरिया निम्मा पुरतो," ती धाकटीला सांगत होती.

बांधालगतची एक पट्टी तेवढी त्या बियाण्याने पेरून झाली आणि तिने अंथरूण धरलं. जाताना तिने धाकटीचा हात घट्ट धरला.

"माझ्या गाभण गाईला मागायला तोंड नाही. तिची गव्हाण रिकामी ठेवू नकोस."

"नाही ठेवणार, ताई."

उरलेलं काम धाकटीच्या नवऱ्याने उरकलं. त्याने आधी माझ्यातून युरिया वाहिला होता, तळाशी त्याचा थर तसाच होता. त्यातच त्याने जिवाणू कालवले, वर बियाणं रणरणत्या उन्हात पसरलं. ते मुके जीव माझ्या कुशीत मेले, मित्रांनो, आणि मला ओरडता आलं नाही. ज्वारी रोडावली, तसा त्याने दुप्पट युरिया फेकला. मग पावसाने पाठ फिरवली. गुडघाभर ज्वारी गडद हिरवी होऊन तिथेच थिजली.

काल घरची कालवड त्या रानात शिरली. चार घास खाल्ले, तोंडाला फेस आला आणि ती तिथेच आडवी झाली. पुन्हा उठली नाही. तरी आज धाकटीचा नवरा विळा घेऊन त्याच ज्वारीकडे निघाला.

"अहो, विळा ठेवा खाली. कोवळ्या ज्वारीत विष साठलंय. फुलोऱ्यात आलेलीच घाला, असं गुरांचे डॉक्टर बजावून गेलेत ना?"

"मग गाईला काय घालू, माझं डोकं?"

"त्यात आहे काय? भुसासुद्धा नाही!" धाकटी रडत रडतच म्हणाली. तो विळा हातात धरूनच उंबऱ्यावर बसला.

गाय आता हंबरतही नाही. रिकामी गव्हाण चाटत राहते. धाकटी बराच वेळ देवाचा धावा करत दारात उभी होती. मग तिची नजर बांधाकडे गेली. थोरलीची पट्टी! युरिया तिथवर पोचलाच नव्हता. पानं जरा फिकी, पण ताटं डोक्याइतकी उंच, आणि फुलोरा आलेला.

पट्टी ती केवढीशी! गाईला आठवडाभरही पुरायची नाही. पुढचं त्या वरच्यालाच ठाऊक.

मित्रांनो, मला खुशाल झिजवा. पण एका कामाचा थर दुसऱ्या कामात नेऊ नका. धुवायला तांब्याभर पाणी लागतं, नाही धुतलं तर जीव जातात.

धाकटीने मला ओढून घेतलं. पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर ओतलं, राखेने तळ घासघासून काढला. नवऱ्याच्या हातातला विळा अलगद सोडवून माझ्यात ठेवला. मला कमरेवर घेतलं आणि ती बांधाच्या वाटेला लागली.